हिला लेकराची मायाच नाही, असं म्हणण्याआधी

दर लग्नसराईत बीड, परभणी, जालन्याकडून एक बातमी येतेच. अमक्या गावात १०९८ या बालमदत क्रमांकाला फोन गेला, ग्रामसेवक आणि पोलीस मांडवात पोचले, बालविवाह रोखला. लग्न थांबलं की बातमी संपते. जी लग्नं थांबत नाहीत त्यांची बातमीच होत नाही, आणि ती थोडीथोडकी नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात वीस ते चोवीस वर्षांच्या ज्या बायकांची माहिती घेतली, त्यांच्यापैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण महाराष्ट्रात २१.९ टक्के निघालं. बीड जिल्ह्यात ते ४३.७ होतं आणि परभणीत ४८. परभणीत जवळजवळ दर दुसरी.

यातल्या कितीतरी मुली विशी गाठायच्या आत आई होतात. त्यांच्या अंगात रक्त किती, बाळाचं वजन किती, यावर बोललं जातं आणि ते व्हायलाच हवं. पण या पोरी मनात काय घेऊन आई होतात, आणि त्याचा लेकराला सांभाळण्यावर काय परिणाम होतो, हे घरात कुणी विचारत नाही, दवाखान्यातही क्वचितच विचारलं जातं. मग लेकरू रडत असताना ती भिंतीकडे बघत बसली, की सासू, शेजारीण, कधीकधी नर्ससुद्धा एकाच वाक्यात निकाल देते: "हिला लेकराची मायाच नाही." बहुतेक वेळा हा निकाल चुकीचा असतो. तो का चुकतो, हे समजून घ्यायचं तर आधी आघात म्हणजे काय ते पाहावं लागेल.

## आघात म्हणजे नुसतं दुःख नव्हे

पीक गेलं, परीक्षेत नापास झालो, जवळचं माणूस वयोमानाने गेलं, तर दुःख होतं. आघात वेगळा. आपला जीव किंवा देह धोक्यात आहे आणि आपल्या हातात काहीच नाही, अशी वेळ माणसावर येते तो आघात. मराठवाड्याला हे शब्दांत समजावायची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून लोक झोपलेले असताना किल्लारी आणि आसपासची गावं जमीनदोस्त झाली. त्यानंतर कित्येक महिने लोक छताखाली झोपायला तयार नव्हते. ज्यांची घरं धड होती तेही अंगणात झोपत. रस्त्यावरून जड वाहन गेलं तरी धावत बाहेर येत. भूकंप संपलाय हे डोक्याला कळत होतं, अंगाला पटत नव्हतं.

बहुतेकांचा असा धसका हळूहळू ओसरतो. पण तो महिन्याहून जास्त टिकला आणि रोजचं जगणं अडायला लागलं, तर त्याला आघातोत्तर ताणविकार म्हणतात. डॉक्टरमंडळी पीटीएसडी म्हणतात, आपणही पुढे तेच म्हणू. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली हा आजार आपल्या अधिकृत यादीत घेतला. तेव्हा डोळ्यांसमोर मुख्यतः व्हिएतनाममधून परतलेले सैनिक होते. बायकांच्या घरातल्या लढाईकडे लक्ष जायला बराच काळ जावा लागला.

या आजारात घडून गेलेलं नको असताना पुन्हा पुन्हा समोर येतं, स्वप्नात येतं, कधी जागेपणीही आत्ताच घडतंय असं वाटतं. त्याची आठवण करून देणाऱ्या जागा, माणसं, वास, सगळं माणूस टाळायला लागतं. आपणच वाईट, आपलीच चूक, असा समज घट्ट होतो आणि कशातच जीव रमत नाही. शिवाय अंग सतत सावध राहतं: झोप लागत नाही, बारीकशा आवाजाने दचकायला होतं, राग भडकन येतो.

किल्लारीच्या माणसाला निदान हे ठाऊक होतं की धोका जमिनीतून आला, माणसाने मुद्दाम केला नाही, आणि सगळं गाव त्याच्यासोबत रडत होतं. ज्या मुलीला ज्या घरात मार बसतो त्याच घरात निजायचं असतं, तिला यातलं काहीच मिळत नाही. असा वर्षानुवर्षं चालणारा आघात जास्त खोल जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात त्याला वेगळं स्थान दिलेलं आहे.

## सोळा-सतरा वर्षांच्या आईच्या पाठीमागे काय असतं

लहान वयात आई झालेल्या प्रत्येकीला पीटीएसडी असतो असं मुळीच नाही. मायेच्या घरात पडलेल्या, समजूतदार नवरा मिळालेल्या मुलीही आहेत, आणि त्या लेकरं छान वाढवतात. पण जोखीम इथे एकावर एक रचली जाते.

कॅलिफोर्नियात सतरा हजारांहून जास्त लोकांच्या बालपणाचा एक मोठा अभ्यास झाला. त्याचे पहिले निष्कर्ष १९९८ साली आले. घरातली मारहाण, लैंगिक अत्याचार, आईला होणारी मारझोड, घरातलं व्यसन असे अनुभव बालपणी जितके जास्त, तितके पुढे शरीराचे आणि मनाचे आजार जास्त, असं त्यात दिसलं. त्याच माहितीतून पुढे आणखी एक गोष्ट निघाली. असे अनुभव जितके जास्त, तितकं किशोरवयात गरोदर राहण्याचं प्रमाणही जास्त होतं. अनेक जणींच्या बाबतीत जखम आधीची असते, आईपण नंतर येतं.

आपल्याकडे ही साखळी कशी जुळते ते बीड, धारूर, वडवणी, पाटोदा भागातल्या लोकांना तोंडपाठ आहे. दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात, त्या गुढीपाडव्याच्या आसपास परततात. मागे राहिलेली वयात आलेली पोरगी म्हाताऱ्या आजीच्या भरवशावर. तिचं काही बरंवाईट झालं तर, या धास्तीने आईबाप लग्न उरकतात. दुसरीकडे तोडीला माणूस मोजतात तो जोडीने: नवरा-बायको मिळून एक कोयता. लग्न झालं की कोयता पूर्ण होतो, उचल जास्त मिळते. या हिशेबात त्या मुलीला कुणी विचारलेलंच नसतं. शाळा सुटते, मैत्रिणी सुटतात, आणि अनोळखी घरातल्या पहिल्या रात्रीपासून तिच्या देहावर तिचा हक्क राहत नाही. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की अठरा वर्षांखालच्या पत्नीशी शरीरसंबंध हा बलात्कारच आहे. गावात मात्र त्याला अजूनही संसार म्हणतात.

त्यात बाळंतपण. लेबर रूममध्ये वेदनेने ओरडणाऱ्या पोरीला "तेव्हा कळलं नाही का?" असं ऐकवलं जातं, कधी मांडीवर चापट बसते. ज्या मुलीच्या अंगाला आधी जबरदस्तीचा हात लागलेला आहे, तिच्यासाठी न विचारता होणारी तपासणी म्हणजे तोच प्रसंग पुन्हा घडणं. बाळंतपणातूनच पीटीएसडी होऊ शकतो. सर्वसाधारण बाळंतिणींमध्ये शंभरात तीन-चार जणींना तो होतो, आधीच जोखमीत असलेल्यांमध्ये त्याच्या कितीतरी पट.

## रडणं ऐकलं की अंगात काय होतं

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. झालं ते झालं, पण लेकरू तर निरागस आहे, मग त्याच्याशी ती अशी का वागते?

रानडुकरांनी एका रात्रीत ज्याची ज्वारी भुईसपाट केली, असा राखणदार डोळ्यांसमोर आणा. दुसऱ्या रात्रीपासून तो माळ्यावर गोफण घेऊन बसतो. जरा सळसळ झाली की दगड सुटतो. वारा आहे, ससा आहे की आपलंच वासरू दावं तोडून आलंय, हे बघायला तो थांबत नाही. थांबलो म्हणून तर पीक गेलं, असं त्याच्या अंगात बसलेलं असतं. आघात झालेल्या माणसाच्या मेंदूतही असाच एक राखणदार असतो. धोक्याची सूचना देणारा भाग झटकन पेटतो, आणि "थांब, नीट बघ" म्हणणारा कपाळामागचा भाग मागे पडतो. हा कपाळामागचा भाग तसाही पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो. सतराव्या वर्षी तो अर्धाकच्चा असतो. त्यात बाळंतपणानंतरची जागरणं. चांगल्या-भल्या माणसाचाही तोल जाईल.

आणि तान्ह्या लेकराचं रडणं निसर्गानेच असं बनवलंय की ते कुणाला दुर्लक्षिता येऊ नये. उंच, तीव्र, न थांबणारं. इतर आईला ते "भूक लागली असेल" असं ऐकू येतं. या मुलीच्या अंगाला ते संकटाची आरोळी वाटते. छाती धडधडते, हात थरथरतात, घाम फुटतो. मग तिच्याकडून तीनपैकी एक काहीतरी होतं. ती लेकरावर खेकसते, त्याला आदळआपट करत उचलते. किंवा त्याला टाकून बाहेर जाते, विहिरीकडे, उकिरड्याकडे, कुठेही. किंवा जागच्या जागी गोठते.

हे गोठणं मी जवळून पाहिलंय. अंगणवाडीत लसीकरण चालू होतं. सतराची असेल नसेल अशी एक मुलगी सतरंजीच्या कडेला बसलेली, मांडीवर तीन महिन्यांचं लेकरू. सुई टोचल्यावर ते कळवळून रडलं. बाकीच्या आया अशा वेळी पोराला छातीशी धरतात, डोलतात, "झालं झालं" म्हणतात. हिचे हात लेकराखाली तसेच राहिले, पडदा पडल्यासारखी नजर भिंतीवरच्या फळांच्या तक्त्यावर खिळली. आशाताईने दोनदा नावाने हाक मारली तेव्हा ती दचकली आणि पहिली गोष्ट काय केली, तर डोक्यावर हात घेतला, मार चुकवल्यासारखा. शेजारच्या बाईने ते मायेचं वाक्य म्हटलंच. पण तो डोक्यावर गेलेला हात बघितल्यावर मायेचा प्रश्नच उरत नाही. ती मुलगी त्या क्षणी अंगणवाडीत नव्हतीच.

याची उलटी बाजूही असते, आणि ती ओळखायला अवघड. काही मुली लेकराला क्षणभर खाली ठेवत नाहीत. रात्रीतून दहा वेळा नाकाखाली बोट धरून श्वास चालू आहे का बघतात, कुणाच्या हातात देत नाहीत. घरचे कौतुक करतात, किती जीव लावते म्हणून. तिथेही मुळाशी भीतीच असते.

## कोऱ्या चेहऱ्याने लेकराचं काय बिघडतं

चार महिन्यांच्या लेकराला काय कळतंय, असं वाटतं. त्याला फार कळतं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी सत्तरच्या दशकात एक साधा प्रयोग केला. आईने आधी बाळाशी नेहमीसारखं खेळायचं, मग दोनेक मिनिटं चेहरा कोरा ठेवून नुसतं बघत राहायचं. बाळ आधी हसून बघतं, मग हात पसरतं, आवाज काढतं, आईला परत आणायचा सगळा प्रयत्न करतं. जमलं नाही की मान फिरवतं, आक्रसतं, रडायला लागतं. दोन मिनिटांत ही अवस्था.

तान्ह्याला स्वतःहून शांत होता येत नाही. मोठ्या माणसाच्या श्वासातून, आवाजातून, अंगाच्या उबेतून ते शांत व्हायला शिकतं. हे वारंवार मिळालं नाही तर त्याचं अंगही सावध राहायला शिकतं. असं लेकरू एक तर फार किरकिरं होतं किंवा नको इतकं गप्प. किरकिऱ्या लेकराने आई आणखी घाबरते, गप्प लेकराकडे आणखी कमी बघितलं जातं.

ट्रॉनिक यांच्याच कामातली दुसरी गोष्ट मात्र कमी सांगितली जाते, आणि मला ती जास्त मोलाची वाटते. अगदी निरोगी, आनंदी आयासुद्धा बाळाशी सतत सूर जुळवून नसतात. निरीक्षणात तो सूर साधारण तीस टक्के वेळ जुळलेला दिसला. उरलेल्या वेळात सूर सुटतो आणि पुन्हा जुळवला जातो. लेकरू घडतं ते या पुन्हा जुळवण्यातून. म्हणजे खेकसल्यावर दहा मिनिटांनी जवळ घेतलं, "रागावले रे तुला" म्हटलं, तर ते वाया जात नाही. या मुलींना हे कुणीतरी सांगायला हवं, कारण एकदा चुकलं की आपण आई म्हणून संपलो असं त्यांना वाटत असतं.

## "बापावर गेलंय"

लेकरू वर्ष-दीड वर्षाचं झालं की खरी परीक्षा. ते चापट मारतं, केस ओढतं, हट्टाने जमिनीवर लोळतं. सगळीच मुलं हे करतात. पण ज्या बाईने नवऱ्याचा हात उचललेला पाहिलाय, तिला त्या चिमुकल्या हातात तोच हात दिसतो. घरात कुणीतरी वर म्हणतं, "अगदी बापावर गेलंय." झालं. आता ते हट्ट करणारं पोर राहत नाही, तिला छळणारा माणूस होतो. "मुद्दाम करतंय, मला त्रास द्यायला," असं या मुली खरोखर मानतात.

न्यूयॉर्कमध्ये डॅनियल शेक्टर आणि सहकाऱ्यांनी हिंसेमुळे पीटीएसडी झालेल्या आयांना त्यांच्याच लहान मुलांचे व्हिडिओ दाखवले आणि त्या वेळी त्यांच्या मेंदूचं कामकाज तपासलं. लेकरू आईपासून दूर झाल्यावर रडतंय, अशा दृश्याच्या वेळी या आयांच्या मेंदूतला भीतीचा भाग जास्त पेटलेला आणि त्याला आवरणारा भाग कमी काम करताना दिसला. लेकराचं असहाय रडणं त्यांना त्यांच्या स्वतःच्या असहायतेकडे ओढून नेत होतं.

## "आमच्या आज्यांची लग्नं तर नवव्या वर्षी झाली"

हा आक्षेप हमखास येतो, आणि तो मनापासून विचारलेला असतो. आज्यांना काही झालं नाही असं आपण म्हणतो, कारण त्यांना कुणी विचारलं नाही. कलकत्त्यात १८९० साली फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीने मेली, त्यातून देशभर वाद पेटला आणि १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला. मुंबईत त्याआधीच रखमाबाईंनी, लहानपणी लावलेल्या लग्नातल्या नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही असं कोर्टात सांगितलं होतं. म्हणजे त्या काळच्या मुलींनाही झालंच होतं. ज्या बाळंतपणात गेल्या, ज्यांनी विहीर जवळ केली, त्या नातवंडांना गोष्टी सांगायला उरल्या नाहीत. ज्या उरल्या त्यांनी आपलं दुःख जात्यावर ओव्यांत दळलं. सासरच्या जाचाच्या ओव्या आपल्याकडे इतक्या का आहेत, याचा विचार करून पाहावा.

एक गोष्ट मात्र आज्यांकडे होती हे मान्य करायला हवं. पहिलं बाळंतपण माहेरी, सव्वा महिना बाळंतिणीला उठू द्यायचं नाही, अंघोळ-शेक-शेगडी दुसऱ्या बाईने करायची, लेकरू मांडीवर घ्यायला चार हात. त्यात अंधश्रद्धाही होत्या, पण भेदरलेल्या पोरीला झोप आणि सोबत मिळत होती. आज पोरगी पंधराव्या दिवशी कोपीत, म्हणजे तोडीवरच्या खोपटात, एकटी असते आणि लेकरू उसाच्या फडाकडेला साडीच्या झोळीत. लग्न कोवळ्या वयातच ठेवलं, आधार तेवढा काढून घेतला.

## "लेकरू झालं की सगळं विसरते"

काही जणींना लेकरू खरंच उभारी देतं. "याच्यासाठी जगायचं," असं म्हणून कितीतरी मुली सावरतात. पण विसरणं घडत नाही. दूध पाजताना, कुशीत लेकरू झोपलेलं असताना, नवरा पुन्हा जवळ यायला लागल्यावर, दबलेल्या गोष्टी उलट वर येतात.

## मग या लेकरांचं नशीब ठरलेलं का?

नाही. हे ठासून सांगायला हवं, कारण असे लेख वाचून लोक भलताच निष्कर्ष काढतात. बालपणी ज्यांना मारझोड सोसावी लागली त्यांच्यापैकी किती जण आपल्या मुलांशी तसंच वागतात, याचा आढावा जोन कॉफमन आणि एडवर्ड झिगलर यांनी १९८७ साली घेतला. त्यांचा अंदाज होता सुमारे तीस टक्के. म्हणजे दहातले सात जण ती साखळी तोडतात. अमेरिकेतल्या मिनेसोटात गरीब घरातल्या तरुण आयांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला. साखळी तोडलेल्या आयांमध्ये काय वेगळं होतं, हे १९८८ साली मांडलं गेलं. लहानपणी निदान एक तरी मोठं माणूस मायेने वागलेलं होतं. किंवा कुणापाशी तरी झालेलं सगळं नीट बोलायला मिळालं होतं. किंवा आत्ताचा जोडीदार सांभाळून घेणारा होता.

यातली पहिली गोष्ट आता बदलता येत नाही. दुसरी आणि तिसरी येते.

## आजीनं लेकरू ताब्यात घेतलं तर?

घरोघरी हाच तोडगा निघतो. "तिला नाही जमत, दे इकडे." लेकरू सुखरूप राहतं हे खरं, आणि आई अगदीच भानावर नसेल तेव्हा ते करावंच लागतं. पण कायमचं काढून घेतलं तर मुलीला स्वतःबद्दल जे वाटत होतं त्यावर शिक्का बसतो, आणि लेकराला शांत करायला ती कधी शिकतच नाही.

त्यापेक्षा आजीने शेजारी बसावं. मुलीला दिवसातून निदान एकदा सलग चार तास झोपू द्यावं. लेकरू रडायला लागलं तर आधी मुलीला पाणी द्यावं, मग लेकरू हातात घ्यावं, ते शांत झालं की परत तिच्याच मांडीवर द्यावं. "बघ, तुझ्याकडे बघतंय, तुझा आवाज ओळखतंय," एवढं म्हणावं. मागून येऊन अंगाला हात लावू नये, आधी हाक द्यावी. आणि घरातल्या सगळ्यांनाच एक नियम माहीत असावा: राग अनावर झाला तर लेकराला पाठीवर, खाली पडणार नाही अशा जागी ठेवून दोन पावलं लांब जायचं, रडू द्यायचं. पाच मिनिटं रडल्याने लेकराला काही होत नाही. तान्ह्याला गदागदा हलवल्याने मात्र मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, जीव जाऊ शकतो.

## पण खेड्यात मानसोपचार देणार कोण?

देशात लाख लोकांमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ पुरता येत नाही, आणि जे आहेत ते शहरांत. त्यामुळे हा प्रश्न रास्त आहे. पीटीएसडीवर गुणकारी उपचार आहेत: ठरावीक पद्धतीने, सुरक्षित वातावरणात आघाताबद्दल बोलण्याचे, आणि गरज पडली तर औषधांचे. दूध पाजणाऱ्या आईलाही देता येतील अशी औषधं डॉक्टरांकडे असतात. पण सुरुवात तज्ज्ञानेच करायला हवी असं नाही. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत अतीफ रहमान यांनी तिथल्या आरोग्यसेविकांना थोडं प्रशिक्षण देऊन नैराश्यात असलेल्या आयांशी घरी जाऊन बोलायला लावलं. २००८ साली आलेल्या निकालात, बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत या आयांपैकी २३ टक्के नैराश्यात उरल्या होत्या, नुसत्या नेहमीच्या भेटी मिळालेल्यांमध्ये ५३ टक्के. तो अभ्यास नैराश्याचा होता, पीटीएसडीचा नव्हे. पण घरी जाणारी ओळखीची बाई किती करू शकते हे त्यातून दिसतं.

अशी बाई आपल्याकडे आहे. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची जी पद्धत उभी केली, तिच्याच धर्तीवर आज आशाताई प्रत्येक नव्या बाळाच्या घरी जाते. दवाखान्यात बाळंतपण झालं तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, पुढे तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत दर तीन महिन्यांनी. ती बाळाला झोळीत घालून वजन करते, ताप बघते, अंग गार आहे का बघते. त्याच भेटीत, सासू पाणी आणायला आत गेली असताना, "तुला झोप लागते का गं? घरात कुणाची भीती वाटते का?" एवढं विचारायला दोन मिनिटं लागतात. माझं ठाम मत आहे की नवी योजना, नवी इमारत काढण्याआधी हे दोन प्रश्न त्या भेटीत घालावेत, आणि त्यासाठी आशाताईला प्रशिक्षण आणि वेगळा मोबदला द्यावा. तिच्यावर आणखी एक फुकटचं काम टाकू नये.

मात्र एक इशारा आहे. अमेरिकेत डेव्हिड ओल्ड्स यांनी गरीब, तरुण, पहिलटकरणींच्या घरी नर्स पाठवण्याचा प्रयोग केला. पंधरा वर्षांनी पाहिलं तेव्हा मुलांच्या छळाची आणि आबाळीची प्रकरणं जवळपास निम्म्याने कमी झालेली होती. पण ज्या घरांत बाईला सतत मारहाण चालू होती, तिथे या भेटींचा हा फायदा दिसेनासा झाला. घाव घालणारा घरात असेल तर घाव भरत नाही. आधी मार थांबला पाहिजे. महिलांसाठीचा १८१ हा क्रमांक त्यासाठी आहे. मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. मुलीने जीव द्यायचं किंवा लेकराला काही करायचं बोलून दाखवलं, नसलेली माणसं दिसतात, आवाज ऐकू येतात म्हणाली, तर फोनवर थांबू नये, बाहेरचं बघायला जाऊ नये. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात न्यावं आणि तोवर तिला एकटं सोडू नये.

## "दवाखान्यात गेलं तर पोलीस केस होईल"

ही भीती खरी आहे. मुलगी अठराच्या आतली असेल तर पोक्सो, म्हणजे मुलांवरचे लैंगिक अत्याचार रोखणाऱ्या, कायद्याने डॉक्टरला पोलिसांना कळवावंच लागतं. त्यामुळे वय वाढवून सांगितलं जातं, तपासण्या टाळल्या जातात, काही जणी घरीच बाळंत होतात. ज्या कायद्याने मुलीचं रक्षण करायचं, त्याच्या धाकाने ती दवाखान्यापासून लांब राहते. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली गर्भपाताच्या बाबतीत यातून थोडी वाट काढली: मुलीने आणि पालकाने विनंती केली तर डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिचं नाव-गाव उघड करायची गरज नाही. बाळंतपणासाठी आणि मनाच्या उपचारासाठीही अशी स्पष्टता यायला हवी. तोवर घरच्यांनी एवढं लक्षात ठेवावं की केस झाली तरी उपचार नाकारता येत नाहीत, आणि ती केस मुलीवर नसते.

## टोळी निघाली की

मराठवाड्याची सगळ्यात मोठी अडचण इथे आहे. आशाताईच्या भेटी गावाशी बांधलेल्या आहेत. बाळ दीड महिन्याचं असताना दसरा आला, टोळी गेली, की तिसऱ्या आणि सहाव्या महिन्याची भेट गळते. नेमक्या याच काळात ही मुलगी पहाटेच्या अंधारात कोयता घेऊन फडात उतरते, खाडा झाला तर पैसे कापले जातात म्हणून तापातही मोळ्या बांधते, आणि तिच्या ओळखीची एकही बाई जवळ नसते. तिथल्या गावची आशा तिला ओळखत नाही, तिचं लेकरू कुणाच्याच वहीत नसतं.

कुठली टोळी कुठल्या कारखान्याला जाणार हे मुकादमाला आणि कारखान्याला आधीपासून माहीत असतं. निघायच्या आधी गावच्या आशाताईने तीन महिन्यांच्या आतल्या बाळांच्या आयांची नावं त्या कारखान्याच्या हद्दीतल्या आरोग्य केंद्राला कळवली आणि तिथल्या आशाताईने पहिल्या आठवड्यात कोपीवर एक चक्कर मारली, तर भेट गळणार नाही. जिला आधीच झोप नाही, भीती आहे असं कळलंय, तिच्याबाबत गावच्याच आशाताईने पंधरा दिवसांतून एकदा तिला फोन करावा, आणि तो फोन नवऱ्याच्या हातात न जाता तिच्या हातात जाईल अशी वेळ निघण्याआधीच तिला विचारून ठेवावी.